डॉक्टरांचं अर्धं राहिलेलं ‘आणि’

बरं, नवस बोलायचाच तर माणसाने तो धड तरी बोलावा की नाही? बायका बोलतात, अमुक सोडेन, तमुक खाणार नाही, इतक्या प्रदक्षिणा घालीन... पोटाला चिमटा बसतो, पायाला फोड येतात, पण तोंड तरी मोकळं राहतं! आणि मी काय बोलून बसले? लेकीचे दिवस भरलेले, तिला आत नेलेलं, दोन तास झाले तरी दार उघडेना, नर्स बाहेर यायची ती आमच्याकडे न बघता पुढे जायची, आमचे हे तर आग विझवायची भिंतीवरची सूचना अकराव्यांदा वाचत उभे. आणि मी डोळे मिटून म्हटलं, देवा, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी येऊ देत, पुढचं वर्षभर मी कुणाच्याही बोलण्यात मध्ये बोलणार नाही. कुणाच्याही म्हटलं हो मी! घरच्यांच्या म्हटलं असतं तरी चाललं असतं, देव काही अडून बसला नसता. पण तुम्हाला सांगते, माझं वाक्य संपतंय न संपतंय तोच आतून ट्यँ ऐकू आलं. हे म्हणाले, बघ, देवालाही वाटलं असेल, असली संधी पुन्हा यायची नाही.

आता मी मूळची कशी? समोरच्याने ‘मी काल’ म्हटलं की ‘बाजारात गेला होतात ना’ म्हणणारी. लोकांची वाक्यं त्यांच्या आधी मी संपवायची, त्यांचा वेळ वाचावा म्हणून, दुसरं काय! आणि असल्या बाईने वर्षभर तोंडाला कुलूप घालायचं. पण नवस तो नवस. नात घरी आली, गोरीपान, मूठभर, आणि त्या दिवसापासून समोरचा माणूस बोलायचा थांबेपर्यंत मी गप्प. लोक किती लांबण लावतात हे मला त्या वर्षी कळलं.

तर नात घरी येऊन तीन आठवडे झाले असतील, तिच्या आंघोळीची बादली उचलायला वाकले आणि कमरेत असं काही झालं की बादली तिथेच, मी तिथेच, अर्ध्यात वाकलेली, वरही येता येईना नि खालीही जाता येईना. हे आले, म्हणाले काही सांडलंय का? म्हटलं, मी सांडलेय.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे. मोठं नाव, मोठी रांग, माणूस वाईट नाही हो, पण घाई अशी की आपण खुर्चीत टेकेपर्यंत त्यांचं तपासून झालेलं. फोटो काढून आणायला लावला, तो उजेडाच्या फळीवर लावला, पेनाने माझ्याच मणक्यावर टकटक केलं आणि सुरू झाले. ही पाहा गादी सरकलीय, इथे झीज आहे, ही कंबर म्हणजे आता काचेचं भांडं समजायचं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, आणि...

आणि फोन वाजला. ‘हां, आलो’ म्हणाले आणि गेले. गेले म्हणजे दाराबाहेर गेले. नर्सने माझ्या हातात कागद दिला, त्यावर गोळ्या, पट्टा, फिजिओ असं काहीबाही लिहिलेलं, आणि पुढच्याला हाक मारली. दुसरी कुणी असती तर उंबऱ्यातच आडवी झाली असती, डॉक्टर, आणि काय? पण मध्ये बोलायचं नव्हतं ना मला!

हसताय तुम्ही, पण नीट विचार करा. त्यांचं बोलणं संपलेलंच नव्हतं. रस्ताभर मी ह्यांच्याशी तेच बोलत होते, म्हणजे ह्यांचं झाल्यावर बोलत होते. हे कचेरीत आयुष्यभर नियमांची पुस्तकं सांभाळलेले, त्यांनी निकालच दिला. म्हणाले, वाक्य ‘आणि’वर थांबलंय, म्हणजे चालू आहे, तू उद्या जाऊन विचारलंस तरी ते मध्येच बोलणं होईल, तुझा नवस मोडेल. आता वर्ष होईपर्यंत वाट बघायची. आणि असा निकाल देणारा माणूस त्यानंतर गाढ झोपतो बरं का.

मी मात्र त्या ‘आणि’पाशी अडकले. आणि काय असेल? आणि चालायचं नाही? आणि लवकरच कापाकापी करावी लागेल? आणि घरच्यांना बोलावून घ्या? डॉक्टर ज्या गोष्टी सांगून गेले त्या राहिल्या बाजूला, न सांगितलेली एक गोष्ट रोज नवं रूप घ्यायची. कंबर दुखली की वाटायचं, हेच ते. नाही दुखली तर वाटायचं, आता दुखतसुद्धा नाही, म्हणजे हेच ते.

मग घरात माझं काचेचं भांडं झालं. खालच्या फळ्यांवरचं सगळं वर चढलं, वरचं काढायला हात पुरेना म्हणून स्टूल आलं, स्टुलावर चढायचं नाही म्हणून हे आले. पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा आणला, तो एकदा पडला आणि दोन दिवस पडून राहिला. आणि नात? लेक पुन्हा कामावर जाऊ लागली, पोरगी दिवसभर आमच्याकडे, पण उचलणार कोण? तर विहीणबाई. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, रोज सकाळी माझ्या घरी येणार, माझ्या खुर्चीत बसणार, आणि एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने माझी नात अशी उचलणार जशी काही पर्सच. मी जरा पुढे झाले की, ‘राहू द्या हो, तुमच्या कमरेला जपा, मी आहे ना.’ मी आहे ना! दिवसातून वीस वेळा. त्या आहेत हे मला कोपऱ्यात उभं राहून दिसतच होतं की. पण मध्ये बोलायचं नव्हतं ना मला.

मला नात मिळायची ती मी बसल्यावर, मागे दोन उशा, खाली एक उशी, वर फुलदाणी ठेवावी तशी पोर ठेवून द्यायचे आणि दोन माणसं दोन्ही बाजूंना उभी राहायची. ती बिचारी माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. दोघी फुलदाण्या.

एकदा मात्र... दहावा महिना असेल तिला. खुर्चीला धरून उभी राहिली, हसली, आणि माझ्या पावलांशी धपकन बसली. लागलं नव्हतं फारसं, पण ओठ काढला आणि दोन्ही हात वर केले, माझ्याकडे. आणि मी खांबासारखी उभी. वाकायचं नाही, उचलायचं नाही. हाक मारली, ‘अहो विहीणबाई, जरा या हो.’ त्या आल्या, उचललं, पोर गप्प झाली. त्यानंतर ती पडली की हात वर करायची ते विहीणबाईंकडे. माझ्या पायाशी पडली तरी मान वळवून त्यांना शोधायची. एवढीशी पोर, तिलाही कळलं की ह्या खांबाकडून काही मिळत नाही.

त्या रात्री मी डॉक्टरांचा कागद पुन्हा काढला. गोळ्या झाल्या होत्या, पट्टा झाला होता, फिजिओ राहिलं होतं. म्हटलं, चला.

फिजिओ म्हणजे एक पोर होती, माझ्या लेकीपेक्षाही लहान, केस वर बांधलेले, स्टुलावर बसलेली, आणि बोलायची काय! तिचं म्हणणं, काकू, दुखणं आणि इजा ह्या दोन वेगळ्या गोष्टी. इजा झाली म्हणून दुखतं कधी कधी, पण जितकं दुखतं तितकी इजा झालेली असते असं मुळीच नाही. दुखणं म्हणजे मेंदूने दिलेली हाक, जपून, जपून, आणि एकदा घाबरलेला मेंदू कारण नसतानाही हाका मारत सुटतो. तुमचं मागचं कधीच भरून आलंय, आता हळूहळू वाकायला लागा, मेंदूला कळू दे की काही होत नाही. हे सगळं ती तासभर सांगत होती, मेंदूचं चित्र काढून, बाण काढून, बाणांना बाण काढून. शेजारच्या खाटेवरचे आजोबा झोपले. पलीकडची बाई म्हणाली, ते सगळं ठीक आहे, शेक कधी देणार? मी मात्र ऐकलं. दर गुरुवारी ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं. एके दिवशी तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, ‘काकू, हे पूर्ण ऐकणाऱ्या तुम्ही पहिल्याच.’ आता तिला कुठे सांगू की ऐकण्याचा गुण माझा नाही, नवसाचा आहे!

आणि पटलं होतं हो मला, डोक्याला पटलं होतं. आमच्या ह्यांचंच उदाहरण घ्या ना. नळ थेंबथेंब गळला तरी हे घर बुडाल्यासारखं ओरडतात आणि खरंच घर बुडालं तरी आवाज तेवढाच. तेव्हा ओरडण्यावरून पाण्याचा अंदाज करायचा नसतो, हे मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात शिकले. कमरेत एक नवरा बसवलाय देवाने, एवढंच. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं, त्यातून कमरेने वळणं तर फारच वेगळं. पोर सांगते, वाका. डॉक्टर सांगतात, वाकू नका. पोर बसते स्टुलावर, डॉक्टर फिरत्या खुर्चीत. तुम्हीच सांगा, माणूस कुणाचं ऐकणार? आपल्याकडे खरं-खोटं खुर्चीच्या उंचीवर ठरतं. शिवाय डॉक्टरांचं अजून संपलेलं कुठे होतं? तो ‘आणि’ होताच टांगलेला.

तर अशाच एका गुरुवारी गेले, तर फिजिओच्या खोलीला कुलूप. दारावरच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, सगळे वरच्या हॉलमध्ये, दुखण्यावरच आहे कार्यक्रम, तिकडेच जा. म्हटलं, वा, आज वरच्या मजल्यावर शेक. गेले. दारात एका बाईंनी वही पुढे केली, सही करा, केली. आत पाहते तर बाकं मांडलेली, सगळे पांढरे कोट, नर्सा, गोळ्यांच्या खिडकीतला चष्मेवाला, खालचं सगळं इस्पितळ उचलून वर आणलेलं. माझ्या लक्षात यायला लागलं की काहीतरी घोटाळा आहे. तोंड उघडणार इतक्यात पुढे उभ्या असलेल्या मॅडमनी ध्वनिक्षेपक हातात घेतला नि पहिलंच वाक्य काय? ‘कृपया कुणीही मध्ये बोलू नये.’

झालं. एक देव कमी होता तर ह्या आल्या.

मॅडमचं म्हणणं असं की आपण दुखणाऱ्या माणसांना रोज काही ना काही समजावत असतो, पण दुखणं म्हणजे काय हे आपल्याला स्वतःला कितपत समजलंय? ते बघण्यासाठी ही छोटी चाचणी. तेरा विधानं, प्रत्येकापुढे बरोबर, चूक की माहीत नाही. नाव लिहू नका, फक्त विभाग लिहा. कागद वाटले. मॅडमचं बोलणं चालूच, सूचना, मग सूचनांच्या सूचना. त्या थांबल्या तेव्हा घड्याळ लावून झालं होतं आणि सगळे लिहायला लागले होते. मीही लिहायला घेतलं. विभाग म्हणे! मी लिहिलं, कंबर.

आणि तुम्हाला सांगते, पेपर बघितला आणि हसूच आलं, सगळं त्या पोरीचंच! ‘दुखतं तितकी इजा झालेली असते.’ चूक. ‘इजा नसतानाही दुखू शकतं.’ बरोबर. ‘जुनं दुखणं म्हणजे भरून न आलेली जखम.’ चूक. मी भराभर खुणा करतेय, तोच शेजारच्या बाकावर कुणीतरी उशिरा येऊन बसलं. बसलं म्हणजे, काठी टेकवून ठेवावी तसं टेकलं, पाठ ताठ, मान ताठ. मी हळूच पाहिलं तर कोण? आमचे हाडांचे डॉक्टर!

मला त्यांनी ओळखलं नाही. ओळखणार कुठून, त्यांनी पाहिला होता माझा मणका. पण बसताना त्यांचा कोट जरा बाजूला झाला आणि मला जे दिसलं ते मी अजून विसरले नाही. सदऱ्यावरून करकचून आवळलेला पट्टा! माझ्यासारखाच, त्याच रंगाचा, माझ्याहून दोन बोटं रुंद. अरे देवा, म्हटलं, हेही काचेचंच भांडं.

डॉक्टर पेपर वाचताहेत, कपाळाला आठ्या, एक खूण केली, थांबले, आणि मग त्यांची नजर हळूहळू, कशी बरं सांगू, शाळेतल्या मुलांची सरकते तशी, माझ्या कागदावर सरकली. मी काही हाताने झाकला नाही. एवढा मोठा माणूस, त्याला नापास कशाला करायचं? उलट कागद जरा तिकडे सरकवला. आमची गाडी छान चालली होती, मी खूण करायची, त्यांनी करायची, आणि आम्ही पोहोचलो नवव्यावर. ‘कंबर दुखणाऱ्याने वाकणं टाळलंच पाहिजे.’

माझा हात थांबला. पोरीचं उत्तर मला पाठ होतं, पण ज्यांच्या शब्दावर अकरा महिने खांब होऊन उभी राहिले ते शेजारी बसलेले. डॉक्टरांनी मात्र न बघता, ठामपणे खूण केली, बरोबर. मी देवाचं नाव घेतलं आणि केली, चूक. त्यांनी पाहिलं. माझ्याकडे नाही, कागदाकडे. आठी वाढली. मागच्या आठ खुणांचा हिशेब मनात केला असावा, की ह्या बाईला बरंच येतंय. आणि तुम्हाला सांगते, त्यांनी आपल्या हाताने ते ‘बरोबर’ खोडलं. इतकं जोरात खोडलं की पेन हातातून निसटलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये जमिनीवर पडलं.

आता आली पंचाईत. पेन खाली. त्यांनी पेनाकडे पाहिलं, मी पेनाकडे पाहिलं. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पट्टा वाकू देईना त्यांना, आणि मला वाकू देईनात ते. दीड मिनिट गेलं असेल. आख्ख्या हॉलमध्ये दोन माणसं एका पेनाच्या अंत्यदर्शनाला बसल्यासारखी बसलेली. आणि मग माझ्या मनात आलं, आत्ताच ह्यांनी आपल्या हाताने खोडलंय ना? मग मी कुणाची वाट बघतेय?

वाकले. हळूच, बाकाला धरून, पण वाकले. कळ आली, खोटं कशाला सांगू, चांगली मांडीपर्यंत गेली; म्हटलं, ओरडा तुम्ही, नळच गळतोय. आणि पेन उचलून त्यांच्या हातात दिलं. अकरा महिन्यांनी जमीन इतक्या जवळून पाहिली, जरा झाडायला हवी होती, पण छान वाटलं.

डॉक्टर बघतच राहिले. हलक्या आवाजात म्हणाले, ‘तुम्ही कोणत्या विभागात?’

आणि थांबले. थांबले हो! प्रश्न पूर्ण, वाक्य पूर्ण, पुढे फोन नाही, काही नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा पाळी माझी होती.

म्हटलं, ‘डॉक्टरसाहेब, मी तुमची पेशंट. तुम्ही मला सांगितलंत, वाकायचं नाही, उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, आणि... मग फोन आला, तुम्ही गेलात. मी अजून तिथेच बसलेय. आणि काय?’

त्यांना आधी समजेना. मग चेहरा उतरला. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. म्हणाले, ‘आणि घाबरू नका, या वयात निम्म्या लोकांच्या फोटोत हे दिसतंच, दीड-दोन महिन्यांत बरं वाटेल, मग सगळं पूर्वीसारखं सुरू करा. मी शेवटी हे नेहमी सांगतो.’

नेहमी सांगतात म्हणे! मी म्हटलं, शेवटपर्यंत थांबता का पण नेहमी? त्यांनी कोट बाजूला केला. मग पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, मला सहा वर्षं झाली, मला मात्र हे कुणी सांगितलंच नाही. मी कागद अजून थोडा त्यांच्याकडे सरकवला.

घरी आले तर नात जमिनीवर बसलेली, विहीणबाई खुर्चीत, फोनवर. पोर खुर्ची धरून उठली, पडली, ओठ काढला आणि विहीणबाईंकडे मान वळवली. ‘आले हं,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही राहू द्या, तुमच्या कमरेला...’ तिकडून हे सुरू झाले, अगं काय करतेस, डॉक्टरांनी काय सांगितलंय, नियम म्हणजे नियम, तू आधी... दोघांचीही वाक्यं चालू होती. नवसाचे आठ-दहा दिवस बाकी होते. मी एक अक्षर मध्ये बोलले नाही. मध्ये उचललं फक्त.

नऊ किलो. एका बाजूने कंबर ओरडत होती, दुसऱ्या बाजूने हे, आणि आवाज अगदी सारखा. पोरीने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग माझं नाक धरून बघितलं की खांब खरंच हलतो का. विहीणबाई म्हणाल्या, अगंबाई. बस्स, एवढंच. वर्षभरातलं त्यांचं सगळ्यात छोटं वाक्य.

चाचणीत म्हणे कंबर विभाग पहिला आला, तेरापैकी तेरा, आणि असा विभाग आपल्याकडे आहे कुठे म्हणून तीन दिवस शोधाशोध चालली होती. डॉक्टर दुसरे. शेवटच्या उत्तरावर माझं कोपर आलं होतं.

नवस फिटला, कंबर सत्तर टक्के बरी आहे, उरलेल्या तीसशी माझी ओळख झालीय. पण आता नवीनच होऊन बसलंय. दर गुरुवारी ओपीडी संपली की डॉक्टर निरोप पाठवतात, पाच मिनिटं येता का? जाते. ते दार लावतात, फोन बंद करून खणात टाकतात, आणि आपल्या कमरेचं सांगायला लागतात, सहा वर्षांचं, पहिल्या दिवसापासून. पट्टा अर्धा सैल झालाय, परवा बुटाची नाडी स्वतः बांधली, बांधून सोडून मला पुन्हा बांधून दाखवली. मी ऐकते. मागच्या गुरुवारी बाहेर पडले तर दारात नर्स उभी, म्हणाली, काकू, माझी मान. तिच्यामागे गोळ्यांच्या खिडकीतला चष्मेवाला, त्याचा गुडघा. सगळ्या इस्पितळाला दुसऱ्याचं दुखणं पाठ, आणि स्वतःचं सांगायला बिचाऱ्यांना कुणी नाही.

म्हणून हात जोडून सांगते, पुढच्या वेळी जाल तेव्हा खुर्चीतून उठायच्या आधी डॉक्टरांचं वाक्य पुरं करून घ्या, आणि मग हळूच विचारा, डॉक्टर, तुमची कंबर कशी आहे? आणि विचारलंत की बसा तिथे तासभर, दुसरा इलाज नाही. पण ज्याने त्याने आपापला डॉक्टर ऐकून घ्या हो, मला घरी नऊ किलोंची पोर आहे, मी एकटी किती जणांना पुरणार?